काय ॲव्हरेज देते?

लग्न जमवताना मुलाचा पगार विचारतात आणि गाडी घेतल्यावर गाडीचं ॲव्हरेज. दोन्ही ठिकाणी उत्तर थोडं फुगवून द्यायची रीत आहे आणि ऐकणाराही तेवढं मनातल्या मनात वजा करून घेतो. गेली सहा वर्षं मी 'अठरा' सांगत आलो. हा आकडा मला कुणी दिला ते आठवत नाही, पण मोठा सोज्ज्वळ आकडा आहे. वीस म्हटलं तर समोरचा हसतो, पंधरा म्हटलं तर कीव करतो. अठरा म्हटलं की मान डोलावतो आणि विषय पावसाकडे वळतो.

सगळं बिघडवलं ते आमच्या सोसायटीतल्या नानांनी. नाना दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची गाडी चौदा वर्षांची. पार्किंगमध्ये एकदा सहज विषय निघाला.

"आमची बावीस देते," नाना म्हणाले.

"बावीस?"

"साडेबावीस म्हणणार होतो. पण म्हटलं, दृष्ट लागायची."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी टाकी फुल केली, मीटर शून्यावर आणला, तीन आठवडे गाडी चालवली, पुन्हा टाकी फुल केली आणि भागाकार केला. उत्तर आलं ११.४. कागदावर पुन्हा केला, तरी तेच. मग फोनवर केला, तो जरा दयाळू असेल म्हणून. शेवटी कागद हिच्यापुढे ठेवला. ही बँकेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेली. चष्मा न लावता तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "अहो, भागाकार बरोबर आहे. गाडी चुकली असेल."

गाडीच्या माहितीपत्रकात आकडा विसाच्या वर छापलेला होता. तो कुठून येतो याची मला कल्पना होती, कारण मी कोथरूडला राहतो. देशातल्या गाड्यांचं ॲव्हरेज मोजणाऱ्या संस्थांतली एक, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, आमच्याच वेताळ टेकडीवर आहे. रोज पहाटे मी तिथे फिरायला जातो. फाटकाच्या अलीकडे गाडी लावताना आत काय चालत असेल याचा विचार मनात यायचाच. मग माहिती काढली. तिथे गाडीची चाकं रोलरवर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. एसी बंद. सगळा खेळ जेमतेम वीस मिनिटांचा. त्यात कुणी उलट्या दिशेने येत नाही, कुणी दुचाकीवरून पाय लांब करून वळण्याची सूचना देत नाही, आणि मागच्या सीटवरून "जरा त्या दुकानापाशी थांबा हो" असंही कुणी म्हणत नाही. एवढं सुख मिळालं तर मीसुद्धा वीस देईन.

पण नाना बावीस देतात! मी वही घातली. तिच्यावर 'इंधन बचत' लिहिलं, खाली रेघ मारली आणि सल्ले गोळा करायला निघालो. सल्ल्याला पेट्रोल लागत नाही, म्हणून तो भरपूर मिळतो.

पहिला सल्ला नानांचा. "पेट्रोल पहाटे भरायचं. थंडीत आकसलेलं असतं. तेवढ्याच पैशात जास्त येतं." शास्त्र खरं आहे. पेट्रोल एका अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं. म्हणून मी साडेपाचला पंपावर उभा. तिथल्या पोराने जांभई देत सांगितलं, "काका, पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतंय. त्याला कुठं कळतंय पहाट झाली म्हणून?" नाही म्हणायला पहाटेच्या त्या फेरीचं पेट्रोल मात्र जळलं होतं.

दुसरा सल्ला : पाचशे, हजार असे गोल आकडे सांगायचे नाहीत, मशीन त्यालाच लावून ठेवलेलं असतं. मी ५७३ सांगू लागलो. "साहेब, झिरो बघा," असं पोरगा म्हणाला की संकष्टीला चंद्र बघावा तसा मी टक लावून शून्य बघायचो. त्यापुढची पायरी म्हणजे ग्राहकाचे हक्क. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं आणि पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, हे मला समजलं. समजलेलं वापरलं नाही तर वाया जातं. एका शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी माप मागितलं.

मॅनेजर आला, माप आलं, पेट्रोल आलं. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. पेट्रोल रेघेवर तंतोतंत. मागे अकरा गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या नऊ जणांचं हॉर्नवर एकमत झालं होतं.

"बरोबर आहे ना, काका?" मॅनेजर म्हणाला. पाच मिनिटांत मी 'साहेब'वरून 'काका'वर आलो होतो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तो दिवस ॲव्हरेज मोजायचा होता आणि टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय हिशोब जुळत नाही.

"ऑटो कट झालं," पोरगा म्हणाला.

"अजून जाईल थोडं. आत हवा असते." मी गाडीच्या मागे गेलो, डिकीला दोन्ही हात लावले आणि पेट्रोल खाली बसावं म्हणून गाडी हलवू लागलो. डब्यात रवा बसवतात तशी. मागचा रिक्षावाला खाली उतरला. "काका, बंद पडली का? धक्का मारू?"

पेट्रोलसाठी हा वेडेपणा माझ्यात जुनाच आहे. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले. त्याआधी ते पंधरवड्याने बदलायचे. उद्यापासून वाढणार अशी बातमी आली की रात्री अकराला सगळं गाव पंपावर. एकदा मीही पाऊण तास रांगेत होतो. टाकी आधीच भरत आलेली, त्यामुळे आठच लिटर मावलं. वाढ दीड रुपयाची. म्हणजे बारा रुपये वाचले. त्या आनंदात येताना भुर्जी खाल्ली, ती दीडशेची.

मग टायर. कमी हवेच्या टायरवर गाडी जड चालते आणि पेट्रोल जास्त पिते, हे निर्विवाद. पंपावर हवा फुकट मिळते. पण फुकट वस्तूवर माझा विश्वास नसल्याने मी चार चाकांत नायट्रोजन भरून घेतला, एकशेसाठ रुपये देऊन. घरी येऊन अभिमानाने सांगितलं. मुलगी दहावीची उजळणी करत बसली होती. "बाबा, साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो." वहीत मी ते एकशेसाठ 'शिक्षण' या सदरात टाकले.

त्यानंतर डिकी. जास्त वजन म्हणजे जास्त पेट्रोल. मी डिकी उघडली आणि आमच्या संसाराचा इतिहास बाहेर आला. दिवाळीचे फराळाचे तीन रिकामे डबे, दोन सतरंज्या, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेला तांब्या, रद्दीत द्यायचे पेपर, आणि 'असू दे, लागतं' म्हणून ठेवलेलं एक फावडं. सगळं वर आणलं. ही म्हणाली, "गाडी हलकी झाली, घर जड झालं." आठ दिवसांत सामान एकेक करून परत खाली गेलं. फावडं आधी.

सगळ्यात जास्त अंगाशी आलं ते सिग्नलचं प्रकरण. लाल दिवा लागला की इंजिन बंद करा, हा सल्ला सरकारी जाहिरातींतही असतो आणि तो चांगलाच आहे. छोटी गाडी उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे मिनिटाला साधारण दहा मिलीलिटर, एक रुपया. एकदा एका मिनिटाला एक रुपया हे गणित डोक्यात बसलं की माणूस माणसात राहत नाही. मी सिग्नलला बंद करायचो, पुढच्याने ब्रेक मारला की बंद करायचो, सोसायटीचं फाटक उघडेपर्यंत बंद करायचो. पंखा आणि रेडिओ मात्र चालू, कारण ते पेट्रोलवर चालत नाहीत अशी माझी समजूत. आमची बॅटरी पाच वर्षांची होती. तिने हे तीन आठवडे सोसलं.

मग एका संध्याकाळी नळस्टॉपला सिग्नल हिरवा झाला, मी किल्ली फिरवली आणि गाडीने फक्त 'टक्' केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. मागे अख्खा कर्वे रस्ता पेटला. ही शेजारच्या सीटवर शांत बसून होती. म्हणाली, "आता किती वाचतंय?" चार कॉलेजची पोरं धावून आली आणि गाडी कडेला ढकलली. त्यातल्या एकाने निरोप घेताना अगदी आस्थेने विचारलं, "काका, एरवी काय ॲव्हरेज देते?"

नवी बॅटरी ४,८०० रुपयांची. सिग्नलला एक रुपया या हिशोबाने ४,८०० सिग्नल.

मधल्या काळात मी पेट्रोलच्या नळीला बांधायचं एक लोहचुंबकही आणलं, १,४९९ रुपयांचं. त्याने म्हणे पेट्रोलचे रेणू रांगेत उभे राहतात आणि नीट जळतात. ही म्हणाली, "पंपावर माणसं उभी राहत नाहीत रांगेत. रेणू कुठले राहतात?" पेट्रोल खरेदीवर गुण देणारं एक कार्ड घेतलं, त्याची वर्षाची फी करासकट ५९०. इंजिन साफ करणारं औषध टाकीत ओतलं, साडेतीनशेचं. इंजिन साफ झालं की नाही ठाऊक नाही, खिसा झाला.

मे महिन्यात आम्ही गोव्याला निघालो. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, हे सावंतवाडीच्या पोरालाही माहीत असतं. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला तेव्हा तिथे लिटरमागे अकरा रुपयांनी भाव उतरला होता. आता तेवढी मजा उरली नाही, पण सात-आठ रुपयांचा फरक असतो. सात-आठ रुपयांसाठी मी काय वाटेल ते करू शकतो. बेत असा, की महाराष्ट्राचा शेवटचा थेंब सीमेवर संपला पाहिजे आणि गोव्याचा पहिला थेंब तिथेच भरला पाहिजे.

वाटेत कोल्हापूरला मेहुण्याकडे थांबलो. त्याच्यापुढे मी पेट्रोलमधल्या इथेनॉलचं रडगाणं गायलं. आता वीस टक्के असतं, त्यात पेट्रोलइतकी ताकद नसते, लिटरमागे दोन-तृतीयांशच, मग ॲव्हरेज पडणार नाही तर काय, वगैरे. मेहुण्याचा ऊस आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या गाडीत आमचा ऊस जळतोय. पाव्हण्याच्या घरात बसून पाव्हण्याच्या उसाला नावं ठेवताय व्हय?" निघताना टाकी फुल करून द्यायला निघाला होता. मी हात धरून थांबवला. गोव्यात स्वस्त आहे ना!

आंबोलीचा घाट उतरला, सावंतवाडी मागे पडली. काटा कधीच तळाला टेकला होता. बांद्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि फणसाच्या झाडाखाली उभी राहिली. सीमा काही किलोमीटरवर. ऊन असं की डांबराला पाय चिकटावेत. थोड्या वेळाने स्कूटरवरून एक म्हातारे गृहस्थ आले.

"काय झाला?"

"पेट्रोल संपलं. गोव्यात भरणार होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीच्या नंबराकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. "अहो, गोवा खंय पळान जातलो काय?"

मग त्यांनीच कुठून तरी पाण्याच्या बाटलीतून दोन लिटर आणून दिलं, आणणाऱ्याची मेहनत धरून तीनशे रुपयांना. महाराष्ट्रात घेतलेलं माझं आयुष्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल. हे दुःख परभणीच्या साडूला फोनवर सांगितलं, तर त्याला सहानुभूतीऐवजी अपमान वाटला. राज्यात महाग पेट्रोलचा मान परभणीचा. मनमाडकडून टँकर येतो, वाहतुकीचा खर्च भावात मिसळतो. "मुंबईच्या आधी शंभरी आम्ही गाठली २०२१ला," तो म्हणाला, "तुम्ही महागाई काय सांगायलाव?"

पुण्याला आल्यावर पुन्हा मोजलं. शहरातलं ॲव्हरेज ११.६. मी गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, चुंबक काढून माझ्या हातात ठेवलं, प्लग पाहिले, एअर फिल्टर झटकला. सगळं ठीक होतं. हात पुसत त्याने विचारलं, "साहेब, गाडी रोज किती चालते?"

"जास्त नाही हो. ऑफिसला मी मेट्रोने जातो. सकाळी अडीच किलोमीटर जायचं, अडीच यायचं."

"एवढ्या जवळ? कुठं?"

"वेताळ टेकडीवर. फिरायला."

"गाडीनं?"

"टेकडीपर्यंत गाडीने. वर मी पायी फिरतो."

तो काही बोलला नाही. त्याने माझ्या पोटाकडे एकदा आणि गाडीकडे एकदा पाहिलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "साहेब, गार इंजिन जास्त पेट्रोल पितं. तुम्ही रात्रभर गार पडलेली गाडी काढता, लगेच चढ चढवता, पहिल्या-दुसऱ्या गियरवर. इंजिन तापायला लागतं तेवढ्यात बंद. तासाभराने परत तेच. याच्यात ती नऊसुद्धा देणार नाही."

घरी येऊन मी वही हिच्यासमोर ठेवली. बँकेतल्या माणसाला वही दिली की तो ती वाचत नाही, तपासतो. तिने एका बाजूला बचत लिहिली : तीन महिन्यांत, माझ्या उदार अंदाजानेही, ६४० रुपये. दुसऱ्या बाजूला खर्च : बॅटरी ४,८००, चुंबक १,४९९, कार्ड ५९०, औषध ३५०, नायट्रोजन १६०. बेरीज ७,३९९. बाटलीतलं पेट्रोल तिने दयाबुद्धीने सोडलं. खाली एक ओळ रिकामी सोडून लिहिलं : टेकडी, महिना १५० किलोमीटर, लिटरला नऊने सुमारे सतरा लिटर, एकशेचार रुपयांच्या भावाने सतराशेच्या वर.

"म्हणजे," ती म्हणाली, "चालायला महिन्याला सतराशे रुपये लागतात तुम्हाला. न चालणारी माणसं बरी."

दुसऱ्या दिवसापासून मी घरापासूनच चालत निघालो. पहिले चार दिवस टेकडीच्या पायथ्याला पोचल्यावर वर जायचं त्राणच उरायचं नाही. पायथ्याशीच बसायचो, वरून उतरणाऱ्यांकडे वडीलधाऱ्यासारखं बघायचो आणि रिक्षा करून परत यायचो. पण हळूहळू जमलं. पँट सैल झाली. पेट्रोल पंपावरचा पोरगा "बरेच दिवस दिसला नाहीत," म्हणाला. चुंबक फ्रीजवर गेलं, त्याखाली आता विजेचं बिल असतं. मेट्रो, पाय आणि रिक्षा यांवर आयुष्य इतकं सुरळीत चाललं, की एका रविवारी लग्नाला जायला म्हणून गाडीत बसलो, किल्ली फिरवली आणि गाडी म्हणाली, 'टक्'.

नाना बाल्कनीत पेपर वाचत होते. वरूनच म्हणाले, "उभी ठेवलीत का? उभ्या गाडीची बॅटरी उतरते. आमची चार वेळा उतरली."

"पण नाना, तुमची तर बावीस देते ना?"

"देते म्हणजे? दिलं होतं, २०११ साली, नवी असताना, सातारा रस्त्याला. त्यानंतर काढतो कुठे आम्ही? ज्येष्ठांचा पास आहे ना बसचा."

गॅरेजवाल्याने येऊन बॅटरी जोडून दिली. जाताना बजावलं, "नवी बॅटरी आहे, साहेब, वाया घालवू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी गाडी फिरवून आणत जा. तिलाही चालणं पाहिजे."

म्हणून आता दर रविवारी पहाटे मी गाडी काढतो. लांबून वळसा घेऊन, इंजिन चांगलं तापवून, शेवटी सवयीने वेताळ टेकडीवरच येतो. परवा फाटकाच्या अलीकडे आमच्या फिरण्याच्या कंपूतले एकजण भेटले. एवढे दिवस मी त्यांना चालत येण्याचे फायदे सांगून पिडलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि भिवया उडवल्या.

"काय हे? पुन्हा गाडीने फिरायला?"

"छे हो," मी म्हटलं. "आज गाडी फिरायला आली आहे. मी नुसता सोबत."